ब्रिटनमध्ये घर गरम ठेवणं इतकं महाग का? आणि मोबाईलवरचं ॲप त्यात नक्की किती वाचवतं?

सप्टेंबरमध्ये विमानतळावरचे फोटो, ऑक्टोबरमध्ये पिवळ्या पानांचे रील्स आणि नोव्हेंबर उजाडला की मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न: "हीटिंगचं बिल किती आलं रे?" पुणे, नाशिक, नागपूरहून लेस्टर, मँचेस्टर, ग्लासगोला शिकायला गेलेल्या प्रत्येकाला पहिल्या हिवाळ्यात हा धक्का बसतो. आपल्याकडे थंडी म्हणजे जास्तीत जास्त गिझर आणि स्वेटर. तिथे घर गरम करायला बरेच पैसे जातात.

आणि मग सुरू होतो उपायांचा पूर. स्मार्ट थर्मोस्टॅट घ्या, प्लगमध्ये बसणारा मिनी हीटर घ्या, अमुक ॲपवर टॅरिफ बदला, कुंडी उलटी ठेवून खाली मेणबत्त्या लावा. यातलं काय खरं आणि काय फुसकं, हे कळायला आधी बिल कशाचं येतं ते समजून घ्यावं लागेल. तिथेच खरी गंमत आहे. फोनवरून ज्या गोष्टी करता येतात त्यांनी बिल थोडंच हलतं. जास्त फरक पडतो तो बॉयलरच्या एका बटणानं आणि घराच्या भिंतीनं. बटण बहुतेकांना माहीत नसतं, आणि भिंत भाडेकरूच्या हातात नसते.

'प्राइस कॅप' नावाचा गैरसमज

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये वीज-गॅसच्या दरांवर ऑफजेम ही नियामक संस्था लक्ष ठेवते. आपल्याकडे वीज नियामक आयोग असतो, साधारण तसंच. जानेवारी 2019 पासून ऑफजेम 'प्राइस कॅप' ठरवते आणि आता ती दर तीन महिन्यांनी बदलते. जानेवारी ते मार्च 2026 साठी ती वर्षाला 1,758 पाउंड होती. आकडा वाचून अनेकांना वाटतं, "चला, यापेक्षा जास्त बिल येणारच नाही, मग हीटर फुल ठेवू."

असं अजिबात नाही. 1,758 हा एका 'सरासरी' घराच्या वापराचा हिशोब आहे: वर्षाला 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस. मर्यादा असते ती एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर. वापर वाढला की बिल वाढणार, कितीही.

त्या तिमाहीचे दर बघा. वीज 27.69 पेन्स प्रति युनिट. गॅस 5.93 पेन्स प्रति युनिट. (तिथे गॅससुद्धा सिलिंडरवर नाही तर किलोवॅट-तासात, म्हणजे युनिटमध्येच मोजून बिलात येतो.) शिवाय वीज वापरा न वापरा, रोजचे जवळपास 55 पेन्स, गॅसचे 35 पेन्स. म्हणजे घराला कुलूप लावून महिनाभर भारतात आलात तरी सत्तावीस पाउंडांच्या आसपास बिल येणारच. सुट्टीत गावी आलेल्या पोरांना हे परत गेल्यावर कळतं.

या सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ती ही: त्या दरांनुसार वीज गॅसपेक्षा सुमारे पावणेपाच पट महाग होती. घर गरम करण्याचा प्रत्येक सल्ला या एका आकड्यावर घासून बघायचा.

वीज एवढी महाग का? दोन कारणं. पहिलं, ब्रिटनच्या वीजबाजारात शेवटचं जे केंद्र चालू करावं लागतं, त्याच्या खर्चावर सगळ्या विजेचा घाऊक भाव ठरतो, आणि ते केंद्र बऱ्याचदा गॅसवर चालणारं असतं. त्यामुळे समुद्रात पवनचक्क्या कितीही फिरोत, भाव गॅसच्या तालावर नाचतो. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यानंतर हे जगानं पाहिलं. 2021-22 च्या हिवाळ्यात 1,277 पाउंड असलेली कॅप ऑक्टोबर 2022 ला 3,549 वर पोचली आणि सरकारला स्वतःच्या खिशातून पैसे घालून सरासरी बिल 2,500 वर रोखावं लागलं. दुसरं कारण म्हणजे अक्षय ऊर्जेच्या जुन्या अनुदानांसारखे बरेचसे सरकारी धोरणखर्च गॅसपेक्षा विजेच्या बिलात जास्त टाकलेले आहेत. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी यातला काही भार एप्रिल 2026 पासून बिलातून काढून सरकारी तिजोरीवर घ्यायचं जाहीर केलं. सरासरी घराचे वर्षाला 150 पाउंड वाचतील असं सरकार म्हणतं. त्यात एक मेख आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

रीलमधला 'जादूचा' हीटर

आता तो मिनी हीटर. भिंतीच्या प्लगमध्ये बसतो, डिस्प्लेवर तापमान दिसतं, आणि व्हिडिओत कुणीतरी सांगतं की याने बिल निम्मं झालं.

हीटरच्या बाबतीत भौतिकशास्त्र फार सरळ आहे. विजेच्या साध्या हीटरमध्ये एक युनिट वीज गेली की एक युनिट उष्णता बाहेर येते. फॅन हीटर असो, तेलाचा रेडिएटर असो, काचेचा देखणा पॅनल असो, वीस पाउंडांचा असो की दोनशेचा. 'कमी विजेत जास्त उष्णता' देणारा साधा हीटर असूच शकत नाही. 500 वॅटचा हीटर स्वस्त पडतो कारण तो उष्णताच कमी देतो. संपला विषय.

2 किलोवॅटचा हीटर एक तास चालवला तर दोन युनिट, म्हणजे 55 पेन्स. पाउंडाला साधारण 120 रुपये धरले तर तासाला 66 रुपये. रोज चार तास, महिनाभर: 66 पाउंड, म्हणजे जवळपास आठ हजार रुपये, तेही एकाच खोलीचे. घरात गॅसचा बॉयलर असताना वेगळा इलेक्ट्रिक हीटर लावून सगळ्या खोल्या गरम करणं म्हणजे उष्णतेच्या प्रत्येक युनिटला चारपट पैसे मोजणं.

कुंडी आणि मेणबत्तीचं तर बोलायलाच नको. चार छोट्या टीलाइट मिळून फार तर दीडशे वॅटच्या आसपास उष्णता देतात. कुंडी ती वाढवत नाही, फक्त तापून हाताला गरम लागते. आणि बंद खोलीत आग आणि धुराचा धोका आहे तो वेगळाच. प्लगमध्ये लावला की 'वीज स्थिर करून' बिल कमी करतो म्हणणारा छोटा डबाही असाच. घरगुती मीटरवर त्याने बिल कमी होत नाही, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या अशा डब्यांच्या सुरक्षिततेबद्दल तिथल्या संस्थांनी इशारे दिलेले आहेत.

हां, एक इलेक्ट्रिक वस्तू मात्र खरंच कामाची आहे: इलेक्ट्रिक ब्लँकेट. साधारण 100 वॅट. दोन तासांना 0.2 युनिट, म्हणजे साडेपाच पेन्स. त्याचीही उष्णता एकाला एकच. फरक एवढाच की ते खोलीतली हवा तापवत बसत नाही, थेट तुम्हाला तापवतं. रात्री टेबलाशी बसून असाइनमेंट लिहिणाऱ्या एकट्या माणसासाठी अख्खं घर गरम करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

एक युनिटला एक युनिट या नियमाला अपवाद म्हणजे हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो; आपला एसी उलटा चालवल्यासारखं. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. ऐकायला भारी वाटतं, पण आता तो पावणेपाचचा आकडा आठवा. 27.69 भागिले तीन म्हणजे उष्णतेचं एक युनिट सव्वानऊ पेन्सला. चांगला गॅस बॉयलर 90 टक्के कार्यक्षमतेनं तेच साडेसहा-पावणेसात पेन्सला देतो. म्हणजे साध्या दरावर हीट पंप गॅसला हरवायचा तर एकाला चारहून जास्त युनिट मिळायला हवीत, किंवा खास स्वस्त टॅरिफ हवं. सरकार पंप बसवायला 7,500 पाउंड अनुदान देतं, तरी लोक बिचकतात, त्यामागे हे गणित आहे. यंत्र उत्तम आहे, विजेचा भाव आडवा येतो.

थर्मोस्टॅट हुशार आहे, पण किती?

स्मार्ट थर्मोस्टॅटची खरी कमाई कशात आहे? तुम्ही घरी नसताना तो हीटिंग बंद करतो, झोपल्यावर तापमान उतरवतो, विसरलात तर लेक्चरमध्ये बसून फोनवरून बंद करता येतं. हे सगळं साध्या टायमरनेही होतं, जर तो नीट लावला असेल तर. स्मार्टपणाचा फायदा विसराळू आणि वेळापत्रक नसलेल्या घराला जास्त. शिस्तीत टायमर वापरणाऱ्याला फारसा नाही.

तापमान एक अंशानं कमी केलं तर किती वाचतं, हे कुठल्याही ॲपला न विचारता तुम्हीच काढू शकता. घरातून उष्णता किती गळते हे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत 20 अंश, बाहेर सरासरी 7 अंश: फरक 13. आत 19 केलं तर फरक 12. म्हणजे गळती तेराव्या हिश्श्यानं, साधारण साडेसात टक्क्यांनी कमी. सरासरी घराच्या गॅस-वापराची किंमत वरच्या दरानं वर्षाला 680 पाउंडांच्या आसपास येते आणि त्यातला मोठा भाग हीटिंगचा असतो, तेव्हा एका अंशाला वर्षाचे 40 पाउंड धरायला हरकत नाही.

याच हिशोबात एका जुन्या वादाचंही उत्तर आहे. "हीटिंग दिवसभर मंद ठेवलेलं स्वस्त, बंद-चालू केलं की जास्त गॅस जातो," असं घरमालकापासून सीनियरपर्यंत सगळे सांगतात. घर जितका वेळ गरम, तितका वेळ गळती जास्त. थंड झालेलं घर पुन्हा गरम करायला लागणारी उष्णता ही मधल्या वेळेत वाचलेल्या गळतीपेक्षा जास्त नसते. त्यामुळे गॅस बॉयलर असलेल्या नेहमीच्या घरात, कोणी नसताना बंद ठेवणंच स्वस्त. हीट पंप असेल तर गोष्ट वेगळी, तो संथ आणि सलग चालण्यासाठीच बनवलेला असतो.

थर्मोस्टॅट विकत घेण्याआधी आणखी एक गोष्ट बघा: त्याचं आयुष्य. गूगलनं 25 ऑक्टोबर 2025 पासून पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या नेस्ट लर्निंग थर्मोस्टॅटचा सपोर्ट बंद केला. भिंतीवर हातानं फिरवून तो अजून चालतो, पण फोनवरचं कंट्रोल गेलं. युरोपात नवे नेस्ट थर्मोस्टॅट आणणार नाही, हेही कंपनीनं सांगून टाकलं. बॉयलर पंधरा वर्षं चालतो, भिंत शंभर वर्षं उभी असते, आणि मधला हुशार डबा कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून. जुना फोन अपडेट बंद झाल्यावर बदलता येतो. घरमालकानं लावलेला थर्मोस्टॅट तुम्ही बदलणार का?

ज्या सेटिंगचं रील कोणी बनवत नाही

आता त्या बटणाकडे येऊ. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत गॅस बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि थंड होऊन परत येतं. बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान म्हणजे फ्लो टेम्परेचर. ते खोलीच्या तापमानापेक्षा वेगळं, आणि थर्मोस्टॅटवर दिसत नाही. बॉयलरवरच रेडिएटरच्या चित्राशेजारी एक बटण किंवा चकती असते, तिथे.

2005 पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवे बॉयलर साधारणपणे 'कंडेन्सिंग' प्रकारचेच बसवावे लागतात. गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ असते. ती वाफ बॉयलरच्या आतच थंड होऊन तिचं पाणी झालं, तर वाफेत साठलेली उष्णता परत मिळते. उकळत्या डाळीवर ताट ठेवलं की ताटाला खालून पाणी सुटतं आणि ताट चटका बसेल इतकं तापतं, तीच क्रिया. पण त्यासाठी ताट थंड असावं लागतं ना? इथे ताटाचं काम करतं रेडिएटरमधून परत येणारं पाणी. ते साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच वाफेचं पाणी होतं.

भानगड अशी की बसवणारे बरेचदा फ्लो 75-80 अंशांवर ठेवून जातात. घर पटकन तापतं, ग्राहकाची तक्रार येत नाही. पण मग परत येणारं पाणी 60 च्या आसपास असतं, वाफ तशीच चिमणीतून बाहेर जाते, आणि 'कंडेन्सिंग' म्हणून घेतलेला बॉयलर कंडेन्स करतच नाही. फ्लो 60 वर आणला की खोली तापायला थोडा वेळ जास्त लागतो, पण गॅस साधारण 6 ते 8 टक्के कमी लागतो. सरासरी घराला वर्षाला 40 ते 55 पाउंड. खर्च शून्य. खोलीचं तापमान तेच. 2022 मध्ये नेस्टा या संस्थेनं यासाठी मोहीमच चालवली आणि त्याच डिसेंबरमध्ये सरकारनंही जाहिरातीत हाच सल्ला दिला.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. हे कॉम्बी बॉयलरसाठी आहे, म्हणजे ज्या घरात गरम पाण्याची वेगळी टाकी नाही. टाकी असेल तर तिच्यातलं पाणी 60 अंशांच्या खाली साठवू नये, लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात; तिथे सेटिंगला हात न लावता जाणकाराला विचारा. आणि भाड्याच्या घरात बॉयलरला हात लावण्याआधी घरमालकाला एक मेसेज टाका. फुकटची सेटिंग आहे, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

स्वस्त तास, महाग तास आणि रेडिओवरचं मीटर

स्मार्ट मीटर असेल तर दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवला जातो. त्यामुळे वेळेनुसार बदलणारी टॅरिफ शक्य झाली. काहींत तर दर अर्ध्या तासाला भाव बदलतो, खूप वारा सुटलेल्या रात्री कधीकधी शून्याखालीही जातो. इलेक्ट्रिक कार किंवा हीट पंप असणाऱ्यांना याचा मोठा फायदा होतो, कारण त्यांच्याकडे पुढे-मागे सरकवता येईल असा मोठा वापर आहे. तुमच्याकडे एक लॅपटॉप, एक किटली आणि आठवड्यातून दोनदा वॉशिंग मशीन असेल तर?

2022-23 च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या ग्रिड चालकानं मोठा प्रयोग केला. ठरावीक संध्याकाळी तासभर वीज कमी वापरा आणि पैसे मिळवा. 16 लाखांहून अधिक घरं आणि व्यवसाय त्यात उतरले, फोनवर नोटिफिकेशन यायचं, लोक अंधारात बसून बोर्ड गेम खेळायचे. एकूण बचत झाली 3,300 मेगावॅट-तास. आकडा अवाढव्य वाटतो, पण 16 लाखांनी भागा: एका घराच्या वाट्याला अख्ख्या हिवाळ्यात दोन युनिट. म्हणजे 2 किलोवॅटचा हीटर एक तास. ग्रिडसाठी प्रयोग उपयोगी होता, कारण नेमक्या टंचाईच्या तासात मागणी उतरली. घराच्या बिलासाठी मात्र ती चिल्लर होती. ॲप कंपन्यांच्या जाहिरातीत या दोन गोष्टींची बेमालूम सरमिसळ होते.

गंमत म्हणजे वेळेनुसार दर ही कल्पना स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची. ज्या घरांत गॅस नाही, विशेषतः शहरातले फ्लॅट, तिथे 'स्टोरेज हीटर' असतात: आत जड विटा, रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणाऱ्या आणि दिवसभर हळूहळू उष्णता सोडणाऱ्या. मीटरला 'आता स्वस्त दर सुरू' हे कोण सांगायचं? 1980 च्या दशकापासून हे काम करायचा बीबीसी रेडिओ 4 चा लाँगवेव्ह सिग्नल. बातम्यांच्या लहरींवरच मीटरसाठीचे आदेश जायचे. ही यंत्रणा जुनी झाली म्हणून 30 जून 2025 पासून ती टप्प्याटप्प्यानं बंद करायला सुरुवात झाली, आणि तोपर्यंत लाखो घरांतले मीटर बदलायचे राहिले होते. असं मीटर बदललं नाही तर हीटर चुकीच्या वेळी चालू होऊन महाग दरात विटा तापण्याचा किंवा हीटर चालूच न होण्याचा धोका. स्टोरेज हीटरचा फ्लॅट घेतला असेल तर मीटरजवळ 'रेडिओ टेलिस्विच' लिहिलेला काळा डबा आहे का ते बघा, आणि असेल तर पुरवठादाराला फोन करा. नवं मीटर बसवायचं काम त्यांचं आहे.

रिचार्ज संपला तर हीटिंग बंद

स्मार्ट मीटरची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. ते कंपनीला दुरूनच प्रीपेमेंट मोडवर टाकता येतं, घरी कोणी यायची गरज नाही. मग मोबाईलसारखा आधी रिचार्ज, मग वीज. तो संपला आणि पैसे नसले तर जानेवारीच्या रात्री घर थंड. हे 'कनेक्शन तोडलं' म्हणून कुठे नोंदवलंही जात नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या तुम्हीच रिचार्ज केलेला नसतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये 'द टाइम्स'च्या पत्रकारानं वेषांतर करून उघड केलं की ब्रिटिश गॅससाठी काम करणारे कंत्राटी लोक थकबाकीदारांच्या, अगदी आजारी आणि लहान मुलं असलेल्या घरांतही शिरून जबरदस्तीनं प्रीपेमेंट मीटर लावत होते. देशभर संताप झाला, ऑफजेमनं हा प्रकार थांबवला आणि नंतर नवे नियम आणले. कोणत्या घरांत सक्ती करता येणार नाही ते त्यात ठरवून दिलं. हे नियम स्मार्ट मीटर दुरून प्रीपेमेंटवर टाकण्यालाही लागू आहेत.

हा प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्रात स्मार्ट प्रीपेड मीटरला जोरदार विरोध झाल्यावर जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे ते लावणार नसल्याचं जाहीर केलं. त्यानंतर महावितरण पोस्टपेड 'टीओडी' मीटर म्हणून स्मार्ट मीटर बसवतंय, आणि केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांतली वीज स्वस्त ठेवायची आहे. पण स्मार्ट मीटरमध्ये प्रीपेड आणि पोस्टपेड हा फरक बहुतांशी सॉफ्टवेअरचा असतो. उद्या तो बदलायचा झाला तर कोणाच्या संमतीनं, कोणत्या घरांना सूट देऊन, हे आधी लिहून घ्यावं लागतं. ब्रिटननं ते लोकांचे हाल झाल्यानंतर लिहिलं.

थंडीत कुडकुडणं ही बचत नाही

"आम्ही तर अख्खा डिसेंबर हीटिंग लावलंच नाही," असं अभिमानानं सांगणारे भेटतात. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान 18 अंश ठेवायला सांगते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओल. थंड भिंतीवर श्वासाची, स्वयंपाकाची, खोलीतच वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ बसते आणि काळी बुरशी धरते. रॉचडेल गावात अशाच बुरशीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा डिसेंबर 2020 मध्ये मृत्यू झाला. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमध्ये 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. ओल आणि बुरशीच्या धोकादायक तक्रारींवर घरमालकाला ठरावीक मुदतीत कारवाई करावी लागते. पण सध्या तो फक्त सामाजिक घरांना लागू आहे. विद्यार्थी राहतात त्या खासगी भाड्याच्या घरांपर्यंत तो अजून पोचायचा आहे.

मूळ दुखणं भिंतीचं आहे. ब्रिटनमधली घरं युरोपातल्या सर्वांत जुन्या घरांत मोडतात. विद्यार्थी राहतात त्या लाल विटांच्या चाळवजा रांगांमध्ये बऱ्याच भिंती एकसंध विटांच्या, आत पोकळी नाही, थर नाही. त्यातून उष्णता सरळ गळते. गरीब घरांना इन्सुलेशन करून देणारी 'इको' नावाची सरकारी योजना होती, तिचा खर्च सगळ्यांच्या बिलातून जायचा. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं सांगितलं की या योजनेसारख्या कामांत बाहेरून इन्सुलेशन बसवलेल्या घरांपैकी 98 टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे गंभीर दोष आहेत. पाणी मुरणं, ओल, बुरशी. ज्यासाठी योजना होती, तेच उलटं झालं.

वर म्हटलेली मेख ती हीच. 150 पाउंडांच्या सवलतीतला एक भाग ही योजना बंद करून येतो आहे. योजना वाईट चालवली गेली हे खरं, पण बिल आज थोडं कमी दिसावं म्हणून भिंतीवरचा खर्चच काढून टाकणं मला तरी पटत नाही. दर पुढच्या संकटात परत वर जातील, भिंत तशीच गळत राहील.

घर घेण्याआधी फोनवर पाच मिनिटं

भाडेकरूच्या हातात मग काय उरतं? जाड पडदे, रेडिएटरसमोर सोफा न ठेवणं, दाराखालच्या फटीला जुन्या ओढणीची गुंडाळी, खिडकीला फटी बुजवायची टेप. पण सगळ्यात मोठा निर्णय सही करण्याआधीचा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये प्रत्येक भाड्याच्या घराला ऊर्जा प्रमाणपत्र, ईपीसी, लागतं. ए सर्वांत चांगलं, जी सर्वांत वाईट, आणि सवलत नसेल तर ई च्या खालचं घर भाड्यानं देता येत नाही. हे प्रमाणपत्र सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकून कोणीही फुकट बघू शकतं. एजंटला विचारायची गरज नाही.

नुसतं अक्षर बघू नका. खाली 'वॉल्स' पुढे सॉलिड ब्रिक आणि नो इन्सुलेशन असं लिहिलंय का बघा. 'मेन हीटिंग' पुढे गॅस बॉयलर आहे, स्टोरेज हीटर आहे की साधे इलेक्ट्रिक हीटर, ते बघा. साधे इलेक्ट्रिक असतील तर भाडं महिन्याला 50 पाउंडांनी कमी असलं तरी तो सौदा हिवाळ्यात महाग पडू शकतो. 'बिल्स इन्क्लुडेड' असेल तर करारात 'फेअर युसेज'ची मर्यादा किती पाउंडांची आहे ते शोधा, त्यावरचं बिल तुमच्याच माथी येतं. आणि किल्ली हातात आली की बॅग उघडायच्या आधी दोन्ही मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून त्याच दिवशी पुरवठादाराला पाठवा. नाहीतर आधीच्या भाडेकरूचा हिवाळासुद्धा तुम्हीच भराल.